पाण्याचा डिंक आणि आतली वीण

समुद्रकाठचा काळा खडक, त्याला चिकटवलेले रबराचे पिवळे बदक आणि त्याच्यावर फुटणाऱ्या लाटा. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 च्या ऑगस्टमध्ये हे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि ते जगभर फिरले. लाट अंगावर येऊन ओसरली तरी बदक जागेवरच. खडक ओला, बदक ओले आणि दोघांमध्ये जो पातळ थर होता त्याच्याही अंगात पाणी मुरलेले. तो थर हायड्रोजेलचा होता. पाण्याखाली त्याची पकड 1 मेगापास्कलच्या पुढे गेली, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 10 किलो वजनाचा ताण त्याने पेलला.

ओल्या भिंतीवर चिकटपट्टी लावून पाहिलेल्या कोणालाही यातले नवल कळेल. चिकटवायच्या दोन वस्तूंमध्ये पाण्याचा थर राहिला की डिंकाला धरायला काही उरत नाही. मग ज्याच्या वजनात कित्येकदा 90 टक्के पाणीच असते असा पदार्थ चिकटतो कसा? आणि एखादे जेल खडक सोडत नाही, तर दुसरे बोटाला नुसते बुळबुळीत लागते, हे कशाने ठरते?

याचे उत्तर जेलच्या पृष्ठभागापेक्षा त्याच्या पोटात जास्त आहे. ही गोष्ट पदार्थशास्त्राच्या पुस्तकापुरती ठेवण्यासारखी नाही. जखमेवर काय लावायचे, नवजात बाळाच्या कातडीवर कोणता पॅच चालेल, सार्वजनिक पैसा कोणत्या संशोधनावर लावायचा, हे सगळे तिच्याशी जोडलेले आहे. म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

हायड्रोजेल म्हणजे लांबलचक रेणूंचे जाळे आणि त्यात अडकलेले पाणी. या लांब रेणूंना पॉलिमरच्या साखळ्या म्हणतात. साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि त्या बांधणीमुळे पाणी वाहून जात नाही. फालुद्यातल्या फुगलेल्या सब्जाभोवतीचे पारदर्शक आवरण, चायना ग्रासची जेली, बाळाच्या डायपरमधले पाणी शोषणारे दाणे, डोळ्यांतल्या मऊ लेन्स, ईसीजी काढताना छातीवर लावतात ते पॅच, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. कुळ एक असले तरी स्वभाव निराळे, कारण साखळ्या किती लांब, गाठी किती दाट, मोकळी टोके किती आणि एका जाळ्यात दुसरे जाळे गुंतले आहे का, हे प्रत्येकात वेगळे असते.

चिकटपणा मोजण्याची एक सरळ पद्धत आहे. जेलची पट्टी पृष्ठभागावर लावायची, एका टोकाने सोलत न्यायची आणि एक चौरस मीटर सोलायला किती ऊर्जा लागली ते काढायचे. नुसत्या स्पर्शाने दोन पृष्ठभागांमध्ये जी नैसर्गिक ओढ निर्माण होते, ती ज्यूलच्या दहाव्या हिश्शाच्याही आत असते. जेलच्या साखळ्या पृष्ठभागाला पक्क्या रासायनिक बंधांनी जोडल्या, तरी निव्वळ ते बंध तोडण्याचा हिशेब काही ज्यूल ते काही दहा ज्यूल एवढाच निघतो. असे असताना अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये श्वानहे झाओ यांच्या गटाने 2016 मध्ये काच, सिरॅमिक आणि धातूंवर चिकटवलेली जेल सोलायला चौरस मीटरमागे 1000 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा लागली. एवढ्या ऊर्जेत 100 किलोचे पोते एक मीटर उचलता येते. आपल्या हाडाला कूर्चा ज्या ताकदीने धरून असते, तिच्या तोडीची ही पकड होती.

पृष्ठभागावरच्या बंधांचा वाटा काही दहा ज्यूलचा, मग उरलेली ऊर्जा कुठे गेली? ती जेलच्या पोटात खर्ची पडली. पट्टी सोलताना जेल ताणले जाते, आतल्या काही कमकुवत गाठी उकलतात, साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि सोलणाऱ्या हाताने लावलेले बळ या पडझडीत जिरून जाते. सीमेवरच्या बंधांपर्यंत त्याचा थोडासाच भाग पोहोचतो. पृष्ठभागावरचे बंध नुसते धरून ठेवतात, खरी झुंज आतले जाळे देते. मात्र दोन्ही लागतात. बंध दुबळे असतील तर आतले जाळे ताणले जाण्याआधीच पट्टी सुटते. जाळे ठिसूळ असेल तर बंध कितीही पक्के असोत, जेलच फाटते आणि अर्धे पृष्ठभागावर राहते.

हे कोडे सुटायला वेळ लागला. रबर तुटते कसे, याचा विचार करताना लेक आणि थॉमस यांनी 1967 मध्ये दाखवले होते की दोन गाठींमधली साखळी जितकी लांब, तितकी तोडायला ऊर्जा जास्त लागते. साखळीतला एक दुवा तुटला तरी ताणलेल्या सगळ्या दुव्यांमध्ये साठलेली ऊर्जा एकदम जाते, हे त्याचे कारण. पण जेलमध्ये गाठी कमी करून साखळ्या लांब ठेवल्या तर ते पाणी पिऊन फुगते आणि लिबलिबीत होते. गाठी वाढवल्या तर ते ताठ होते, पण नखाने टोचले तरी चिरते. कितीतरी वर्षे जेलचे संशोधन या कात्रीत सापडले होते.

होक्काइडोच्याच ज्यान पिंग गोंग यांच्या गटाने 2003 मध्ये ही कात्री सोडवली. त्यांनी एकात एक अशी दोन जाळी विणली. पहिले दाट आणि ठिसूळ, दुसरे सैल आणि लवचीक. ताण आला की पहिले जाळे ठिकठिकाणी तुटते आणि ऊर्जा खाते, दुसरे सगळे तुकडे धरून ठेवते. सुमारे 90 टक्के पाणी असलेला पदार्थ त्यामुळे रबरासारखा चिवट झाला. हार्वर्डमध्ये 2012 मध्ये समुद्री शेवाळातले अल्जिनेट आणि पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड यांची जाळी एकत्र विणून केलेले जेल मूळ लांबीच्या 20 पटींहून जास्त ताणले गेले. त्याला चिरायला चौरस मीटरमागे सुमारे 9 हजार ज्यूल लागले. हे दोन पदार्थ वेगवेगळे घेतले तर त्यांची जेल याच्या पासंगालाही पुरत नाहीत. कच्चा माल तोच होता, बदलली ती वीण.

निसर्गाने ही वीण फार पूर्वीच साधली आहे. युरोपातली एरियन सबफस्कस नावाची बिनशंखाची गोगलगाय घाबरली की पाठीवर चिकट स्राव सोडते आणि शिकारी प्राणी तिला जागेवरून हलवू शकत नाही. या स्रावात 95 टक्क्यांहून अधिक पाणी असते, पण आत प्रथिनांचे आणि शर्करांचे असे दोन प्रकारचे धागे गुंतलेले असतात आणि धातूंचे आयन त्यांना बांधतात. हार्वर्डच्या डेव्हिड मूनी यांच्या गटाने 2017 मध्ये याच कल्पनेवर ऊतींसाठी डिंक बनवला. वरचा थर धनभारित पॉलिमरचा, कारण आपल्या ऊती ऋणभारित असतात. त्याच्या मागे ऊर्जा जिरवणारे दुहेरी जाळे. डुकराच्या हृदयावर रक्त असतानाही तो चिकटला. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या फायब्रिन ग्लूची पकड चौरस मीटरमागे साधारण 10 ज्यूलच्या घरात असते, या डिंकाची त्याच्या कितीतरी पट भरली.

या साऱ्या कथेत पुण्याचाही एक धागा आहे आणि मराठी वाचकाला तो फारसा ठाऊक नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे जेलवर काम केले. पाणी शोषून धरणारे ‘जलशक्ती’ हे स्टार्चवर आधारलेले पॉलिमर याच प्रयोगशाळेतले. पुढे आशिष लेले, शायनी वर्गीस आणि माशेलकर यांनी तुटल्यावर स्वतःच सांधणाऱ्या जेलचा अभ्यास केला. वर्गीस नंतर कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला गेल्या आणि 2012 मध्ये त्यांच्या गटाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लेखकांमध्ये लेले आणि माशेलकर यांचीही नावे होती. आतल्या रचनेने चिकटपणा कसा ठरतो याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

त्यांच्या जेलमध्ये मुख्य साखळ्यांना बाजूने लोंबणाऱ्या शेपट्या होत्या. प्रत्येक शेपटीच्या टोकाला आम्लगट होता आणि तो समोरच्या शेपटीशी हायड्रोजन बंध जोडू शकत होता. जेलचे दोन तुकडे आम्लधर्मी द्रावात एकमेकांना टेकवले की दोन-चार सेकंदांत एकजीव होत आणि मग ओढूनही सुटत नसत. अल्कधर्मी द्रावात टाकले की आम्लगटांवर ऋणभार येई, शेपट्या एकमेकींना दूर लोटत आणि तुकडे वेगळे होत. पुन्हा आम्ल, पुन्हा जोड. हे चक्र वारंवार चाले.

खरी गोम शेपटीच्या लांबीत होती. संशोधकांनी वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्या करून पाहिल्या. आखूड शेपटी सीमा ओलांडून पलीकडच्या तुकड्यापर्यंत पोहोचत नाही. फार लांब शेपटीत पाण्याला नकोसा असणारा कार्बनी भाग वाढतो, त्या आपापसांत गुंडाळून बसतात आणि टोकाचा आम्लगट झाकला जातो. मधली एक लांबी अशी निघाली की शेपटी पुरेशी पोहोचतेही आणि पाण्यात मोकळी उभीही राहते. टोकाचा रासायनिक गट सगळीकडे एकच होता. काही कार्बन कमी-जास्त झाले आणि चिकटपणा आला किंवा गेला. मुख्य जाळे घट्ट बांधले तरी हा गुण घटतो, कारण शेपट्यांना हालायला जागा उरत नाही. आम्लात चिकटणारे हे जेल जठरासाठी उपयोगी पडेल, अशी आशा तेव्हा व्यक्त झाली. आम्ल गळणाऱ्या प्लास्टिकच्या भांड्याचे छिद्र त्याने बुजवूनही दाखवले होते.

स्वयंपाकघरात याच्या नेमका उलट अनुभव येतो. भेंडी चिरल्यावर जी तार सुटते तीही पाण्यात फुगलेल्या लांब शर्करा-रेणूंचीच. भाजीत आमसूल, लिंबू किंवा ताक घातले की ती मोडते. भेंडीच्या साखळ्यांना पक्क्या गाठी नसतात. त्यांच्या अंगावरच्या ऋणभारामुळे त्या एकमेकींपासून दूर, ताणून पसरलेल्या असतात आणि म्हणून तार धरतात. आंबट घातले की भार ओसरतो, साखळ्या आक्रसतात आणि बुळबुळीतपणा जातो. आम्ल दोन्हीकडे तेच. एका ठिकाणी ते चिकटवते, दुसऱ्या ठिकाणी चिकटपणा घालवते. कोणता पदार्थ चिकट, असा प्रश्न विचारून हा फरक कधीच समजणार नाही.

मोकळ्या टोकांचा आणखी एक स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. गोंग यांच्या प्रयोगशाळेने 2001 च्या सुमारास एकच जेल दोन साच्यांत ओतले. काचेच्या साच्यातल्या जेलचा पृष्ठभाग घट्ट विणलेला निघाला. टेफ्लॉनसारख्या पाण्याला दूर ठेवणाऱ्या साच्यात पृष्ठभागावर गाठी नीट बसल्या नाहीत आणि तिथे मोकळ्या टोकांची लव उगवली. हे दुसरे जेल इतके निसरडे झाले की त्याचे घर्षण कूर्चेच्या बरोबरीला गेले. म्हणजे मोकळी टोके असली की जेल चिकटतेच असे नाही. समोर जोडीदार मिळाला आणि टोके त्याच्यात गुंतली तर चिकटते. समोरचा पृष्ठभाग त्यांना दूर लोटत असेल तर तीच टोके पाण्याची गादी धरून ठेवतात आणि वस्तू घसरते.

जेलने कधी अजिबात चिकटू नये, अशीही गरज असते. प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी 1961 च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलांच्या मेर्कुर खेळण्याच्या पट्ट्या-चाकांतून यंत्र जुळवून पहिल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. लेन्स बुबुळाला धरून राहायला हवी, पण संध्याकाळी बोटाने सहज निघायलाही हवी. आज अशा लेन्स मिळतात ज्यांच्या गाभ्यात 33 टक्के पाणी असते आणि पृष्ठभागावर 80 टक्क्यांहून जास्त. आतून बाहेर जाताना जाळे मुद्दाम विरळ होत जाते.

मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही याच विचाराने काम केले. तिथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर आधारलेली जेलची मलमपट्टी विकसित झाली. त्यात गाठी मारायला रसायन घालावे लागत नाही, ते काम किरणोत्सर्ग करतो. ज्या किरणांनी साखळ्या जोडल्या जातात त्यांनीच पट्टी निर्जंतुकही होते. वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प ट्रॉम्बेला 1974 पासून आहे, त्या अनुभवाची ही पुढची पायरी. भाजलेल्या माणसाच्या उघड्या मांसाला ही पट्टी चिकटत नाही, जखम ओलसर ठेवते आणि बदलताना नवी कातडी ओरबाडत नाही. भाजलेल्या रुग्णाची कापसाची पट्टी बदलताना ज्याने पाहिली आहे, त्याला या न चिकटण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

चिकटपणा जितका जास्त तितके उत्पादन चांगले, ही समजूत म्हणूनच सोडली पाहिजे. आज जाहिराती आणि खरेदीची पत्रके तीच समजूत पोसतात. अतिदक्षता विभागातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी चिकटपट्टी काढताना सोलून निघते. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर सलाईनची पट्टी काढली की चट्टा राहतो. शरीरात चिकटवलेले जेल पाणी शोषून फुगले तर शेजारच्या मज्जातंतूवर दाब येतो. इथे रुग्णाला हवा असतो मापातला चिकटपणा, नेमून दिलेल्या वेळेपुरता आणि हवा तेव्हा सुटणारा. झाओ यांच्याच गटाने 2020 मध्ये सोडा आणि ग्लुटाथायोन असलेले द्रावण टाकल्यावर काही मिनिटांत सुटणारा डिंक दाखवला, तेव्हा ही मागणी पुरी करता येते हे सिद्ध झाले. पण त्यासाठी कोणता बंध कुठे ठेवायचा हे जाळे विणतानाच ठरवावे लागते. तयार जेलवर नंतर प्रक्रिया करून ते साधणे कठीण.

बदक धरून ठेवणाऱ्या जेलमागेही हेच आहे. संशोधकांनी जिवाणूंपासून प्राण्यांपर्यंतच्या चिकट प्रथिनांची माहिती चाळली, तिच्यातून घटकांच्या क्रमाचे नमुने काढले, सहा प्रकारच्या घटकांपासून 180 जेल बनवली आणि प्रत्येकाची पकड मोजली. त्या मोजमापांवर संगणकाला शिकवून पुढची पाककृती काढली. बातम्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे कौतुक झाले, ते रास्तच आहे. पण संगणकाला शिकवायला ती 180 जेल एका प्रयोगशाळेत हाताने बनवावी आणि एकाच पद्धतीने मोजावी लागली. गोंग यांचा गट वीस वर्षांहून अधिक काळ जेलच्या पोटातच डोके घालून बसला होता, म्हणून हे जमले.

भारतात हे चित्र अर्धवट आहे. पुण्यात रसायनाची समज आहे, ट्रॉम्बेत उत्पादनाची पद्धत आहे, मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत रोज जळालेले, अपघातात सापडलेले रुग्ण येतात. तरी पाषाणला सुरू झालेल्या धाग्याचे सर्वांत गाजलेले टोक कॅलिफोर्नियात निघाले. परदेशी चिकट रेणूची नक्कल करून हे अंतर भरणार नाही. रेणू विकत मिळतो, वीण शिकावी लागते. आणि इथली कातडी, इथला घाम, इथली हवा बोस्टनसारखी नाही. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा जुलैतल्या रत्नागिरीत एखादा पॅच किती तास टिकतो, हे तिथेच मोजावे लागेल.

राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने यात दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सरकारी रुग्णालयांच्या खरेदीत प्रत्येक चिकट ड्रेसिंग आणि पॅचसाठी घामट, ओल्या कातडीवर सोलण्याची चाचणी सक्तीची करावी आणि किती बळाने सुटले, मागे काय उरले, याचे आकडे निविदेत मागावेत. दुसरी, पुण्यातल्या आणि ट्रॉम्बेतल्या शास्त्रज्ञांसोबत भाजलेल्या रुग्णांचे वॉर्ड चालवणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एका टेबलाशी बसवावे आणि त्या कामाला एका वर्षाचा नव्हे, निदान दहा वर्षांचा निधी द्यावा.